गोपगिरीचे तेली आणि माळी

ग्वाल्हेरचा किल्ला पाहायचा तर पूर्वेच्या जुन्या वाटेने पायी चढावे. उरवाहीच्या बाजूने मोटार वर जाते, त्यामुळे बहुतेक प्रवासी थेट मानमंदिरापाशी पोहोचतात आणि एका फार मोलाच्या जागेला मुकतात. पूर्वेच्या चढावर, लक्ष्मण दरवाजाजवळ, कड्यातच कोरलेले चतुर्भुजाचे देऊळ आहे. दहा-बारा माणसे आत शिरली तर दाटी व्हावी एवढेच.

जे येतात ते शून्य पाहायला येतात. आतल्या भिंतीवर विक्रम संवत 933, म्हणजे इ.स. 876चा संस्कृत लेख आहे आणि त्यातील 270 व 50 या आकड्यांत आजच्यासारखे वाटोळे शून्य आहे. हे ‘जगातले पहिले शून्य’ असे सांगितले जाते. ते खरे नाही, कंबोडियातील इ.स. 683च्या लेखात शून्यासाठी टिंब आलेले आहे. पण माझी तक्रार वेगळीच आहे. शून्यावर बोट ठेवून माणसे परत फिरतात. ते 270 कशाचे आणि 50 कशाचे, हे कोणी विचारत नाही.

270 हात लांब आणि 187 हात रुंद अशी ती जमीन आहे, फुलबागेसाठी दिलेली. हात दीड फुटाचा धरला तर अडीच एकरांहून थोडी अधिक भरते. आणि 50 आहेत फुलांचे हार. गोपगिरीच्या माथ्यावर राहणाऱ्या माळ्यांनी ते रोज देवाला द्यायचे, त्या त्या मोसमात बाजारात जी फुले मिळतील त्यांचे. ही ‘मोसमात मिळतील ती’ अट मला फार आवडते. वर्षभर कमळे कुठून आणणार, याचे भान अट घालणाऱ्याला होते.

देऊळ बांधणारा अल्ल हा प्रतिहार सम्राट मिहिरभोजाने नेमलेला गोपगिरीचा कोट्टपाल, आपल्या भाषेत किल्लेदार. त्याचे घराणे लाटदेशातील आनंदपुराहून आलेले. देवाला त्याने आपल्या वडिलांचे, वैल्लभट्टाचे नाव दिले. आदल्या वर्षीच्या, संवत 932च्या पद्यलेखात ही वंशकथा थाटाने येते. 933चा लेख मात्र दप्तरी वळणाचा आहे आणि इतिहासाच्या दृष्टीने मला तोच श्रीमंत वाटतो. ई. हुल्ट्श यांनी दोन्ही लेख ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात छापले.

या दुसऱ्या लेखात दान देणारा राजा नाही, किल्लेदारही नाही. दान देते आहे नगर. कारभार पाहणाऱ्यांत कोट्टपाल आणि सेनाधिकारी आहेत, त्यांच्याच बरोबरीने वव्वियाक श्रेष्ठी आणि इच्छुवाक सार्थवाह ही व्यापारी मंडळीही आहेत. पुढे वेगवेगळ्या पेठांतील तेल्यांच्या महत्तरांची नावे येतात, काहींच्या बापाच्या नावासकट. त्यांनी दर महिन्याच्या शुक्ल नवमीला दर घाण्यामागे एक पळी तेल दिव्यासाठी द्यायचे. घाण्याला लेखात ‘कोल्हुक’ म्हटले आहे. हिंदीतला कोल्हू तो हाच. संस्कृत लिहिता लिहिता लेखकाने बाजारातला शब्द उचललेला आहे.

किल्ला म्हटला की आपल्यापुढे वेढे आणि तोफा येतात. त्यातून ग्वाल्हेर म्हणजे मराठी माणसाला शिंदे. दौलतरावांच्या 1810च्या तळावरून खालच्या शहराचे नावच लष्कर पडले. पण त्याआधी नऊशेहून अधिक वर्षे या डोंगरावर घाणे मोजले जात होते आणि हार ओवले जात होते.

हा लेख डोक्यात ठेवून वर गेलो की तेली का मंदिर वेगळे दिसू लागते. सुमारे शंभर फूट उंच, माथ्यावर गाडीच्या टपासारखे लांबट छत. हे छत दक्षिणेकडच्या गोपुरांची आठवण करून देते, म्हणून ‘तेली’ हा ‘तेलंगण’चा अपभ्रंश असावा असे काहींनी सुचवले. मला ती ओढाताण वाटते. असे छत उत्तरेच्या शिल्पशास्त्रालाही ‘वलभी’ म्हणून माहीत होते. आणि ज्या नगरातील तेली नवव्या शतकात इतके संघटित होते की त्यांच्या पुढाऱ्यांची नावे दगडावर कोरली गेली, तिथल्या देवळाला तेल्यांचे नाव पडायला तेलंगणापर्यंत जायची गरज काय? अर्थात हा पुरावा नव्हे. देऊळ तेल्यांनी बांधले असे चतुर्भुजाचा लेख कुठेही म्हणत नाही, आणि लोकांनी दिलेली नावे फसवी असतात. पलीकडचे, 1093चे महिपाल कच्छपघाताचे विष्णुमंदिर ‘सासबहू’ म्हणून प्रसिद्ध आहे. तिथे ना सासू ना सून, बहुधा ‘सहस्रबाहू’चेच ते रूप.

उतरताना पुन्हा चतुर्भुजापाशी थांबलो. एक शाळकरी मुलगा शून्याचा फोटो काढत होता. मी त्याला त्याच्या मागचे दोन आणि सात दाखवले आणि जमीन केवढी होती ते सांगितले. तो म्हणाला, “आणि फुलं कोण तोडायचं?”