सेलेनियम: विषापासून कोंबडीच्या खाद्यापर्यंत

रिसर्चसाठी विषय शोधताना 'नॅनो सेलेनियमचा ब्रॉयलरच्या रक्तावर परिणाम' अशा धर्तीची शीर्षकं तुम्हाला दिसतील. लगेच हिमोग्लोबिनच्या तक्त्याकडे वळू नका. हे खनिज कोंबडीच्या खाद्यात आलं कसं, ते आधी बघा. प्रयोगाची आखणी करताना तेच कामाला येतं.

1930च्या दशकात सेलेनियमची ओळख होती ती विष म्हणून. अमेरिकेतल्या साउथ डाकोटाच्या काही भागांत मातीतच ते जास्त. तिथलं धान्य-चारा खाऊन जनावरांचे केस आणि खूर गळायचे, कोंबड्यांची अंडी नीट उबायची नाहीत.

त्याच दशकाच्या शेवटी कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम यांना पिल्लांमध्ये एक वेगळा आजार दिसला. खाद्यात ई जीवनसत्त्व नसेल तर केशवाहिन्यांतून द्रव झिरपून कातडीखाली साचायचा. याला एक्झुडेटिव्ह डायथेसिस म्हणतात. 1957मध्ये पॅटरसन, मिलस्ट्री आणि स्टोकस्टॅड यांनी दाखवलं की अगदी थोडं सेलेनियम दिलं तरी हा आजार टळतो. म्हणजे जे विष, तेच गरजेचं!

आता गंमत बघा. त्याच 1957 साली गॉर्डन मिल्स यांनी लाल पेशींमध्ये ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे एन्झाइम शोधलं. ते हिमोग्लोबिनला ऑक्सिडीकरणापासून वाचवतं. पण या एन्झाइममध्येच सेलेनियम असतं, हे विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या रॉट्रक, होक्स्ट्रा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं ते 1973मध्ये. एक धागा पोषणशास्त्राचा, दुसरा जीवरसायनशास्त्राचा. दोन्ही जुळायला 16 वर्षं गेली.

खाद्यात मिसळायची परवानगीही सहज मिळाली नाही. 1943च्या एका प्रयोगात उंदरांच्या यकृतात गाठी दिसल्याने कॅन्सरची शंका होती. शेवटी 1974मध्ये अमेरिकेच्या एफडीएने वाढत्या कोंबड्यांसाठी 0.1 पीपीएम, म्हणजे टनभर खाद्यात एक दशांश ग्रॅम, एवढीच मुभा दिली.

नॅनोचं महत्त्व इथे कळतं. मूलद्रव्य रूपातलं लाल सेलेनियम पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते शरीराला फारसं उपयोगी नाही असं मानलं जायचं. 2001मध्ये चीनमधल्या झांग जिनसोंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्याचेच नॅनोकण सोडियम सेलेनाइटच्या तोडीचं काम करतात आणि उंदरांमध्ये त्यांची तीव्र विषबाधा बरीच कमी असते. गरज आणि विष यांच्यातलं अंतर कमी असलेल्या खनिजासाठी ही मोठी गोष्ट आहे.

म्हणून असा पेपर हातात आला की तीन गोष्टी तपासा. एक, नॅनो गटाची तुलना तेवढ्याच डोसच्या सेलेनाइटशी केली आहे का? नुसत्या 'काहीच न दिलेल्या' गटाशी तुलना असेल, तर फरक सेलेनियमचा की नॅनो रूपाचा, हे कळणार नाही. दोन, मूळ खाद्यातलं सेलेनियम मोजलंय का? ते आधीच पुरेसं असेल तर एन्झाइम आणखी फारसं वाढत नाही. तीन, पेशी मोजल्या कशा? पक्ष्यांच्या लाल पेशींत केंद्रक असतं, त्यामुळे माणसाच्या रक्तासाठी बनवलेलं काउंटर इथे फसतं.

या तिन्हींची उत्तरं 'मटेरियल्स अँड मेथड्स'मध्ये मिळायला हवीत. मिळाली नाहीत, तर तो पेपर तुमच्या प्रयोगाचा पाया म्हणून घेऊ नका.