दाखो ते खिलोनाबाई : जैन विधवेच्या वाट्याची गोष्ट



आपल्या खामगाव-मलकापूरकडे बाई वाटणीसाठी कोर्टात गेली की घराची अब्रू गेली, असं अजूनही म्हणतात. पण आज सातबाऱ्यावर आपलं नाव लागतं, त्यामागे जुने खटले आहेत. त्यातल्या दोन जैन विधवांची ही गोष्ट.

इंग्रजांच्या काळात प्रश्न होता की जैनांना कायदा कोणता लावायचा? मुंबई उच्च न्यायालयाने १८७३ साली ‘भगवानदास तेजमल विरुद्ध राजमल’ खटल्यात सांगितलं, की वेगळी रूढी सिद्ध केली नाही तर जैनांनाही हिंदू कायदाच लागेल. म्हणजे आपली रीत वेगळी आहे म्हणायचं, तर ती साक्षीपुराव्याने दाखवायची.

तसं दाखवलं गेलं दाखो नावाच्या विधवेच्या खटल्यात. ती आजच्या उत्तर प्रदेशातली अग्रवाल जैन. मुलगा नव्हता. नवऱ्याने स्वतः कमावलेल्या इस्टेटीवर तिचा हक्क किती, आणि नवऱ्याची परवानगी नसताना ती दत्तक घेऊ शकते का, हा वाद थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. जैन मंडळींच्या साक्षी पाहून १८७८ साली निकाल लागला : अशा इस्टेटीवर तिची पूर्ण मालकी, आणि दत्तकाला नवऱ्याची परवानगी नको. त्या काळी इतर हिंदू विधवेला सहसा फक्त हयातीपुरता उपभोग मिळे, हे लक्षात घ्या.

एकत्र कुटुंबात मात्र विधवेच्या हाती फार काही नव्हतं. १९३७ च्या कायद्याने तिला मुलाइतका वाटा दिला, पण तोही हयातीपुरता. पूर्ण मालकी आली १७ जून १९५६ ला, हिंदू उत्तराधिकार कायद्याने. हा कायदा जैनांनाही लागू आहे. तेव्हा आपला बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशात होता.

त्याच मध्य प्रदेशातल्या एका दिगंबर जैन घरात वाटणीचा दावा चालू होता. कोर्टाच्या प्राथमिक हुकूमनाम्यात खिलोनाबाईंचा वाटा ठरला होता, पण प्रत्यक्ष ताबा मिळण्याआधीच, नवा कायदा येऊन थोडेच दिवस झाले असताना, त्या वारल्या. हाती न आलेला वाटा त्यांचा म्हणायचा का? सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली ‘मुन्नालाल विरुद्ध राजकुमार’ खटल्यात सांगितलं, की होय. हुकूमनाम्याने ठरलेला वाटा त्यांच्याच मालकीचा झाला होता, म्हणून तो त्यांच्याच वारसांकडे जाईल. त्याच निकालात जैन विधवेचा दत्तकाचा हक्कही पुन्हा मान्य झाला.

मुलींचं पुढे आलं. महाराष्ट्राने १९९४ साली तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा दिला आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित मुलींनाही तो मिळाला.

मृत्युपत्राचंही थोडं सांगते. आपल्या जिल्ह्यात केलेल्या, इथल्याच मिळकतीच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं नाही. पण वाद झाला तर ते कोर्टात सिद्ध करावं लागतं. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि त्यातल्या एकाला तरी साक्ष द्यावी लागते. म्हणून साक्षीदार निवडताना आपल्यापेक्षा वयाने लहान, जवळपास राहणारे निवडावेत.

हक्कसोडपत्रावर सही करताना अनेकजणी म्हणतात, “आपला धर्म अपरिग्रहाचा, मागायचं कशाला?” भावाला प्रेमाने सोडायचं तर जरूर सोडा. पण आपलं काय आहे हेच ठाऊक नसेल, तर त्याला त्याग म्हणता येत नाही, ती नुसती सही होते. आधी सातबारा वाचा, वाटा किती ते विचारा, मग ठेवायचा की सोडायचा ते ठरवा. दाखो आणि खिलोनाबाई यांच्या खटल्यांनी ठरवण्याचा हा हक्क आपल्या हाती दिला आहे.