पोर्चची खोली

साताऱ्याच्या आमच्या घराचा मंजूर नकाशा मी गेल्या वर्षी पहिल्यांदा उलगडून पाहिला. घर विकायचे ठरत होते आणि घेणाऱ्याच्या बँकेला कागद हवे होते. नकाशात बैठकीची खोली होती, स्वयंपाकघर होते, निजायच्या दोन खोल्या होत्या, आणि दर्शनी बाजूला दोन खांबांच्या आत एक रिकामा चौकोन होता. त्यावर लिहिले होते 'पोर्च'. माझे वडील, अण्णा, आयुष्याची शेवटची नऊ वर्षे त्या चौकोनात राहिले. पाहणीला आलेल्या अभियंत्याने भिंती पाहिल्या, नकाशा पाहिला आणि येथे एक अनधिकृत खोली असल्याचे लिहून नेले. त्याचे काही चुकले नाही. पण उद्या कोणी या घराचा इतिहास कागदांवरून लिहायला बसला, तर अण्णा नऊ वर्षे कुठे होते हे त्याला कळणार नाही.

साताऱ्यातील किंवा सांगलीतील तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या कोणत्याही वसाहतीतून सकाळी चालत गेले की अशा खोल्या ओळखू येतात. स्लॅबची पुढे आलेली कड जुनी आणि खालची भिंत नवी, रंग किंचित वेगळा, दोन खांब भिंतीत अर्धे बुजलेले. कुठे शिकवणीची पाटी, कुठे दवाखान्याची, कुठे नुसताच वाळत घातलेला टॉवेल. आणि मोटार बाहेर रस्त्यावर, आच्छादनाखाली.

दाराशी जनावरासाठी किंवा वाहनासाठी राखलेली जागा माणसाला देण्याची ही रीत पोर्चपासून सुरू झालेली नाही. आपल्या भाषेत घराच्या पुढच्या अंगाला किती शब्द आहेत पाहा : देवडी, ढेलज, ओसरी, पडवी, आणि आमच्या भागातला सोपा. माजघराला पर्यायी शब्द सुचवा म्हटले तर विद्यार्थी अडखळतात. उंबऱ्याच्या अलीकडे मात्र शब्दांची दाटी आहे. कारण आत कोणाला घ्यायचे आणि कोणाला कुठवर येऊ द्यायचे, याचा निवाडा तिथे होत असे. शेतकऱ्याच्या घरात सोप्याच्या एका अंगाला दावण असायची. बैल गेले की गव्हाण बुजवून तिथे बाज पडायची, आणि त्या बाजेवर कोण निजणार हे सांगावे लागत नसे. म्हातारा, वारावर जेवणारा विद्यार्थी, सोयरिकीतला कोणी निराधार माणूस.

शाहू महाराजांच्या काळात, १७०८ नंतर, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी साताऱ्याच्या पेठा वसत गेल्या. सरदारांच्या वाड्यांना पागा होत्या. १८४८ मध्ये डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले आणि ज्या दरबारासाठी घोडे बाळगायचे तो दरबारच उरला नाही. पागा रिकाम्या झाल्या. शनिवार पेठेत किंवा व्यंकटपुऱ्यात उरल्यासुरल्या वाड्यांतून हिंडताना दाराला लागून एका रांगेत बुटक्या, खिडकी नसलेल्या खोल्या दिसतात, त्या मी नेहमी याच नजरेने पाहते. पुढे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला जागा सोडवेना.

खुद्द राजवाड्याचेही हेच झाले. राज्य गेल्यावर तिथे शाळा भरू लागली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्या शाळेच्या पटावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढले. राजाच्या घराची शाळा झाली, परवानगी कोणाची लागली नाही, आणि त्या शाळेत एका मुलाला कोपऱ्यात, स्वतःच्या तरटावर बसावे लागले. ते तरट संध्याकाळी घरी न्यावे लागे, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. वास्तूचा वापर बदलणे सोपे असते. वास्तूत कोणी कुठे बसायचे, ते इतक्या सहज बदलत नाही. पोर्चची गोष्ट सांगताना हे उदाहरण फार मोठे आहे, याची मला कल्पना आहे. तरीही ते टाळून पुढे जाता येत नाही.

पोर्च आला तो बंगल्याबरोबर. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. दगडमातीच्या भिंतींवरचा लोकांचा विश्वास त्या पहाटे ढळला, असे आमच्या घरची मोठी माणसे सांगत. पुढच्या दोन दशकांत शिक्षक, बँकेतले कारकून, पाटबंधारे खात्यातले ओव्हरसियर यांनी गावाबाहेर प्लॉट घेतले आणि स्लॅबची घरे बांधली. प्रत्येक नकाशात पोर्च होता. मोटार क्वचितच कोणाकडे होती. मारुती ८०० ची पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये दिल्लीत एका ग्राहकाच्या हाती पडली. आमच्या आळीत ती यायला आणखी बरीच वर्षे गेली. तोवर पोर्चमध्ये बजाजची स्कूटर, एक सायकल आणि उन्हाळ्यात पापडाची खाट एवढाच संसार. आमच्याकडे मोटार आली तेव्हा पोर्चला भिंत घालून झाली होती.

पोर्चची खोली करताना नेमके काय होते, हे वाड्यांवर विलापिका लिहिणाऱ्यांनी एकदा पाहावे. पोर्चची फरशी घराच्या जोत्यापेक्षा वीतभर तरी खाली असते आणि पाणी निघून जावे म्हणून तिला रस्त्याकडे उतार दिलेला असतो. भर घालून ती सपाट केली की आधीच कमी असलेली उंची आणखी कमी होते. भर न घातली तर कायम एक पायरी उतरून जावे लागते. नव्या भिंतीला नीट पाया नसतो, म्हणून ती आणि जुना स्लॅब यांच्यामध्ये वर्षभरात केसाएवढी फट पडते. बैठकीच्या खोलीची खिडकी आता बाहेर न उघडता या खोलीत उघडते. म्हणजे आतल्याला उजेड नाही आणि बाहेरच्याला आडोसा नाही. आणि आमच्याकडे घरोघरी पाण्याची जमिनीतली टाकी पोर्चखालीच असते. भिंत घातल्यावर तिचे लोखंडी झाकण खोलीच्या मध्यावर येते. पलंग त्यावरच ठेवावा लागतो, दुसरीकडे जागा नसते.

सांगलीत, जिथे मी आता शिकवते, या खोलीचे वेगळे अर्थकारण आहे. विश्रामबागेत १९१९ पासून विलिंग्डन महाविद्यालय आहे, १९४७ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे आजचे वालचंद. बाहेरगावच्या मुलांना खोल्या हव्या होत्या आणि निवृत्तांना भाडे. पोर्च बंद करून आत तीन कॉट टाकल्या की 'कॉट बेसिस'वर दोघांचीही सोय झाली. माझे कितीतरी विद्यार्थी अशा खोल्यांतून शिकून गेले. नदीकाठच्या आळ्यांत मात्र त्या वीतभर उताराची किंमत मोजावी लागते. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णा गावात शिरली. आयर्विन पुलाजवळ पंचेचाळीस फुटांना धोक्याची पातळी मानतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. पुढे सगळे घरच बुडाले त्याची गोष्ट निराळी, पण पाणी आले हे सगळ्यात आधी कळले ते पोर्चच्या खोलीत निजलेल्याला. गावाकडून आलेला एक एम.ए.चा विद्यार्थी मला म्हणाला होता, "मॅडम, चप्पल तरंगली तेव्हा जागा झालो."

कायद्याच्या बाजूने पाहिले तर प्रकरण सरळ आहे. उघडा पोर्च चटई क्षेत्रात धरत नाहीत, भिंत घातली की धरतात. आणि तो रस्त्याच्या बाजूला मोकळ्या सोडायच्या अंतरात येत असेल तर शुल्क भरूनही सहसा नियमित होत नाही. १९६६ च्या नगररचना कायद्याखाली नोटीस येऊ शकते. ती फारशी येत नाही, शेजाऱ्याशी भांडण झाल्याखेरीज. सांगलीसारख्या शहरात तर वसाहतीच्या वसाहती गुंठेवारीतल्या. त्यांच्यासाठी २००१ मध्ये वेगळा कायदा करावा लागला आणि त्याची मुदत पुढे २०२० अखेरच्या बांधकामांपर्यंत वाढवावी लागली. तिथे एका पोर्चचे काय घेऊन बसायचे? ही बेफिकिरी मला पटत नाही. मोटारी रस्त्यावर आल्या, रस्ते निम्मे झाले, आग लागली तर बंब आत येत नाही. पण ज्या घरात तिसरी खोली बांधण्याइतकी मिळकत नव्हती, त्याने म्हाताऱ्याला कुठे ठेवायचे होते, याचेही उत्तर कोणत्या नियमावलीत नाही.

मराठी साहित्याने वाडा पडताना पाहिला. १९८५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त वाड्यासमोर गंजत पडलेला ट्रॅक्टर आठवावा. वाहन आणि घर यांचे बिनसलेले नाते त्याहून नेमकेपणाने कोणी दाखवले असेल असे मला वाटत नाही. पण बंगल्याच्या पोर्चला घातलेली भिंत अजून आपल्या कथेत नीटशी आलेली नाही. ती घालणारे बहुतेक आपल्याच वर्गातले, लिहिते-वाचते लोक आहेत, हे त्याचे एक कारण असावे.

अण्णांचे खुब्याचे हाड मोडल्यावर त्यांना आतल्या खोलीतून पोर्चमध्ये हलवायचे ठरले, तेव्हा आम्ही भावंडांनी एकमेकांना कारणे सांगितली. हवा मोकळी आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलता येईल, डॉक्टरांना थेट येता येईल. सगळी खरी होती. आतली खोली भाच्याच्या बारावीसाठी हवी होती, हेही खरे होते. ते कोणी बोलले नाही. अण्णाही बोलले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, टाकीचे काय करणार?

टाकी एक दिवसाआड भरायची. नळ पहाटे साडेपाचला येई. भाऊ पलंगाचा पायथा उचलून अण्णांसकट तो हातभर सरकवी, झाकण काढी, पाइप सोडी. पाणी चढत असल्याचा आवाज अण्णा उशाखाली ऐकत पडून राहत आणि टाकी भरत आली की, त्या आवाजावरून, आत हाक मारत. नऊ वर्षांत टाकी एकदाही ओसंडली नाही.

घेणारा म्हणतो, व्यवहार करायचा तर भिंत पाडून पोर्च नकाशाप्रमाणे मोकळा करून द्या. त्याच्याकडे दोन मोटारी आहेत.