दोजख

गझलांतून कानावर पडलेला ‘दोजख’, म्हणजे नरक, अनेकांना अरबी वाटतो. अरबी तो ‘जहन्नम’. दोजख फारसी, आणि त्याचं मूळ पारशांच्या धर्मग्रंथात, अवेस्तात. ‘दुझ’ म्हणजे वाईट, ‘अहु’ म्हणजे अस्तित्व. आपले ‘दुस्’ आणि ‘असु’ त्यांचेच भाऊबंद. स्वर्ग म्हणजे ‘बेहेश्त’, सर्वोत्तम. आपले वसिष्ठ त्याच घराण्यातले!

वरळीच्या स्मशानभूमीजवळ २०१५पासून पारशांचं प्रार्थनागृह आहे. पारशी प्रेतं ज्यांच्या हवाली करत, ती गिधाडं संपत आली, तेव्हा काहींनी दहन पत्करलं. प्रेतानं अग्नी विटाळणं मात्र सनातन्यांच्या लेखी महापाप, म्हणजे वाट थेट दोजखची. तरी हा नरक मला बरा वाटतो (नरकात निवड असते तर!): तो कायमचा नाही. जगाच्या शेवटी वितळलेल्या धातूच्या नदीतून शुद्ध होऊन पापीही सुटतात.