हौशी लहरी आणि १९४२

सी. बी. संच २७ मेगाहर्ट्झच्या आसपासच ऐकतो; हौशी केंद्रांचा ७ मेगाहर्ट्झचा पट्टा त्याच्या कक्षेबाहेर राहतो. घरी जुळविलेला परिवर्तक ही अडचण दूर करतो. आलेल्या लहरीत २० मेगाहर्ट्झची स्थानिक लहर मिसळली की बेरजेची २७ ची लहर संचास मिळते.

सातारा-सांगलीच्या इतिहासाभ्यासकास या पट्ट्याचे अगत्य वाटावे. महायुद्धामुळे हौशांचे परवाने बंद असता १९४२ च्या ऑगस्टात उषा मेहता व सहकाऱ्यांचा गुप्त काँग्रेस रेडिओ मुंबईहून ४२.३४ मीटरांवर, म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झवर, याच पट्ट्यात बोलू लागला. ‘हौशी’ या शब्दास मराठीत चिकटलेली पोरकटपणाची छटा येथे अन्यायाचीच ठरते. सातारा ब्रिटिश जिल्हा, सांगली पटवर्धनांचे संस्थान; लहरींना ही सरहद्द नव्हती. वृत्तपत्रांवर निर्बंध होते, आणि ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला. अशा दिवसांत स्वतंत्र वार्तेचे मोल निराळे सांगावयास नको. १२ नोव्हेंबरला मेहता पकडल्या गेल्या.

ते भाषण साध्या संचावर उलगडत असे. आजचे हौशी बहुधा एकाच पार्श्वपट्टावर बोलतात. त्यांचे शब्द कळण्यास साध्या सी. बी. संचाला परिवर्तकाखेरीज आणखी एक आंदोलक जोडावा लागतो.