जागेचे भाडे आणि चित्राची किंमत : खुल्या कलाजत्रेचा साडेपाचशे वर्षांचा हिशेब (थ्रेड)

दर जानेवारीत एका रविवारी बेंगळुरूचा कुमारकृपा रस्ता वाहनांना बंद होतो आणि त्याच्या दोन्ही कडांना चित्रे उभी राहतात. कर्नाटक चित्रकला परिषतेने २००३ साली सुरू केलेली ही ‘चित्र संते’. कन्नडमध्ये संते म्हणजे बाजार. देशभरातून आलेले हजाराहून अधिक कलावंत, लाखांची गर्दी, शंभर रुपयांपासून काही लाखांपर्यंतच्या किमती. संध्याकाळी न विकलेली चित्रे पुन्हा बांधली जातात, तेव्हा बाहेरगावाहून आलेल्या चित्रकारापुढे एकच प्रश्न असतो : येण्याजाण्याचा खर्च तरी निघाला का?

अशा मोठ्या जत्रा आता कलावंताला परवडत नाहीत, पूर्वी परवडत असत, असे हल्ली सर्रास म्हटले जाते. हे ‘पूर्वी’ म्हणजे नेमके केव्हा, ते मात्र कोणी सांगत नाही. म्हणून थोडे मागे जाऊन पाहू.

अँटवर्प, १४६०. शहरात वर्षातून दोन मोठ्या जत्रा भरत. एक पेंटेकॉस्टच्या सुमारास, दुसरी शरद ऋतूत. एरवी बाहेरगावच्या कारागिराला शहरात माल विकण्यास श्रेणीचे निर्बंध आडवे येत. जत्रेच्या काळात ते सैल होत. हे पाहून तेथील अवर लेडी चर्चने आपल्या जागेत मोकळे अंगण आणि भोवती गाळे अशी वास्तू बांधली आणि चित्रे, मूर्ती, पुस्तके विकणाऱ्यांना ते गाळे भाड्याने दिले. केवळ कलाविक्रीसाठी उभारलेली युरोपातील ही पहिली जागा मानली जाते. चित्र विकले जावो वा न जावो, चर्चचे भाडे ठरलेले होते.

या भाड्याने चित्रकलाच बदलली. ऑर्डर घेऊन काम करणाऱ्या चित्रकाराला ग्राहक आधीच ठाऊक असतो. जत्रेतला ग्राहक अनोळखी असतो आणि उद्या निघून जाणार असतो. त्याच्यासाठी ठरावीक आकाराची, ओळखीच्या विषयांची, एकाच नमुन्यावरून पुन्हा पुन्हा उतरवता येणारी चित्रे कार्यशाळांतून तयार होऊ लागली. म्हणजे जत्रा परवडली ती जत्रेसाठी माल तयार करणाऱ्यांना. पुढे १५४० मध्ये शहराच्या नव्या व्यापारी बाजाराच्या वरच्या मजल्यावर चित्रांची बारमाही दुकाने उघडली आणि चर्चच्या गाळ्यांचे महत्त्व ओसरले. वर्षभर ग्राहक मिळत असेल तर जत्रेची वाट कोण पाहील?

आता पॅरिस. सीन नदीतल्या बेटाच्या टोकाला प्लास दोफिन नावाचा त्रिकोणी चौक आहे. अठराव्या शतकात कॉर्पस क्रिस्टीच्या सणाला मिरवणुकीच्या वाटेवरील घरांवर भरजरी पडदे सोडले जात आणि त्या पडद्यांवर तरुण चित्रकार आपली चित्रे टांगत. हे प्रदर्शन जेमतेम सकाळपुरते असे. पाऊस आला तर ते आठवडाभर पुढे ढकलले जाई. भाडे नाही, निवड समिती नाही, अकादमीचा शिक्का नाही.

१७२८ साली ज्याँ सिमेऑन शार्दँ याने येथे एक चित्र लावले. आकडीला टांगलेला, पोट फाडलेला पाकट मासा आणि शिंपल्यांवर पाय देऊन अंग फुगवलेले मांजराचे पिल्लू. स्वयंपाकघरातला हा ओला, रक्ताळलेला कोपरा पाहून अकादमीची मंडळी थबकली आणि त्यांनी त्याला अर्ज करण्यास सुचवले. त्याच वर्षी सप्टेंबरात शार्दँ अकादमीचा सदस्य झाला.

हिशेबाच्या दृष्टीने खरी गंमत पुढे आहे. ते चित्र विकलेच गेले नाही. प्रवेशाच्या प्रथेप्रमाणे ते आणखी एका चित्रासह अकादमीकडे जमा झाले. आज ते लूव्हर संग्रहालयात आहे. त्या सकाळची त्या चित्राची कमाई शून्य. पण १७५२ मध्ये वर्षाला ५०० लिव्ह्रचे राजवेतन आणि १७५७ मध्ये लूव्हरच्या वास्तूत राहण्याची जागा शार्दँला मिळाली, ती याच सदस्यत्वाच्या वाटेने. जागा फुकट होती, म्हणून विक्रीवाचून भागले. त्या चौकात गाळ्याचे भाडे आगाऊ भरावे लागले असते, तर मांजराच्या पिल्लाऐवजी एखादे खपणारे देवचित्र टांगण्याचा मोह कोणालाही झाला असता.

तिसरा मुक्काम न्यूयॉर्क. महामंदीचा काळ. १९३१ मध्ये जॅक्सन पोलॉक या एकोणीस वर्षांच्या, कफल्लक विद्यार्थ्याने वॉशिंग्टन स्क्वेअरजवळच्या पदपथावर चित्रे मांडली, अशी कथा तेथील खुल्या प्रदर्शनाच्या परंपरेत सांगितली जाते. कथा थोडी सजवलेली असेल. पण १९३२ मध्ये तेथे रीतसर प्रदर्शन भरले, हे नक्की. अ‍ॅलिस नील ही चित्रकर्ती त्यात सहभागी होती.

या प्रदर्शनाचे गोडवे गाताना पुढचा भाग सहसा गाळला जातो. पोलॉक आणि नील या दोघांचे पोट पदपथाने भरले नाही, ते सरकारी पगाराने भरले. १९३५ मध्ये सुरू झालेल्या फेडरल आर्ट प्रोजेक्टमध्ये चित्रकारांना आठवड्याला साधारण २४ डॉलर मिळत. ही रक्कम मोठी नव्हती, पण ठरलेली होती. पाऊस पडला तरी मिळत होती. दोघेही १९४० नंतरच्या पहिल्या वर्षांपर्यंत त्या योजनेत टिकून राहिले. नीलचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भरले ते १९७४ मध्ये, म्हणजे पदपथानंतर बेचाळीस वर्षांनी.

त्यानंतरच्या अमेरिकेत जत्रा हा स्वतंत्र धंदा झाला. मिशिगनमधील अ‍ॅन आर्बरची प्रसिद्ध कलाजत्रा १९६० मध्ये सुरू झाली, ती उन्हाळी सेलला गर्दी व्हावी या स्थानिक दुकानदारांच्या इच्छेतून. पुढे अशा जत्रांची साखळीच तयार झाली आणि तंबू गाडीत टाकून गावोगाव फिरणारा कलावंत हा नवा वर्ग जन्मास आला. आज अर्ज करण्याचेही शुल्क असते, निवड न झाल्यास ते सहसा परत मिळत नाही, आणि जागेचे भाडे वेगळे.

समजा, भाडे ६०० डॉलर, अर्जाचे ४०, प्रवास व मुक्काम ५०० डॉलर. चित्राची किंमत ५००, त्यातले चौकट आणि साहित्य यांचे १०० वजा. तीन चित्रे विकली गेली तर हा खर्च कसाबसा भरून निघतो. चित्रकाराच्या मजुरीचा हिशेब त्यापुढे सुरू होतो. म्हणूनच बहुतेक पालांवर मूळ चित्र भिंतीवर दिसते आणि गल्ला मात्र खाली खोक्यात ठेवलेल्या छापील प्रतींवर चालतो. अँटवर्पच्या कार्यशाळांनी हेच केले होते, फक्त हाताने.

मुंबईचा काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून भरतो. त्यातून उभा राहणारा निधी परिसराच्या जतनासाठी वापरावा, ही त्यामागची भूमिका. हेतू चांगला आहे, यात वाद नाही. पण अँटवर्पमध्येही गाळ्यांचे भाडे चर्चच्याच तिजोरीत जात होते, आणि भव्य कॅथीड्रलचे बांधकाम तेव्हा चालूच होते. जत्रेतील पैसा वास्तूंकडे वळण्याची रीत जुनी आहे. कलावंत तेथे विक्रेता असतोच, पण आयोजकाच्या वहीत तो आधी भाडेकरू असतो.

याच महोत्सवाच्या परिसरात, जहांगीर कलादालनाबाहेरच्या पदपथावर, समोर बसलेल्या माणसाचे चित्र काढून देणारे कलावंत दिसतात. गिऱ्हाईक आधी बसते, किंमत आधी ठरते, मग कागदावर पेन्सिल टेकते. न विकलेले चित्र घरी न्यावे लागत नाही. चौकटीचा खर्च नाही, टेम्पोचा नाही.