आदी म्हणजे कधी?

माझा बाप पनवेलच्या खाणीत खडी फोडायचा. दिवसभर घण, संध्याकाळी डोळ्यांत भुकटी. त्याला कुणीतरी सांगून ठेवलेलं, जात आदीपासूनच हाय. आदी म्हणजे कधी? हे विचारायची सोय नव्हती.

दोस्तांनो, तो आदी मला खाणीतच सापडला. आमच्या नव्हे, खाडीपल्याडच्या कांदिवलीच्या. 1920 च्या दशकात मुंबईचा बॅकबे बुजवायला डबर पाहिजे होतं. कांदिवलीची टेकडी फोडली, आणि मातीचे थर उघडे पडले. नौदलातला अधिकारी के. आर. यू. टॉड यानं त्यात माणसानं घडवलेले दगड वेचले. 1932 आणि 1939 साली त्यावर लेख लिहिले. खालच्या थरात हातकुऱ्हाडी, जाड कपच्या. वर येत येत पाती. सगळ्यात वर नखाएवढी हत्यारं. पुढे ह. धी. सांकळियांनी या थरांचा फेरविचार केला. करायलाच हवा, साहेबानं लिहिलं म्हणून ते वेद नव्हे. टॉडचं नाव राहिलं. टेकडी फोडणारे हात बिननावाचे गेले.

नखाएवढं हत्यार म्हणजे खेळणं नव्हे. गारगोटीच्या गाभ्यावर नेमका दाब दिला की पातं सुटतं. अशी पाती लाकडात, हाडात ओळीनं बसवली की बाण होतो, विळा होतो.

मी बापाला हातकुऱ्हाडीचं चित्र दाखवलं. त्याला अक्षर येत नाही. चित्रावर बोट फिरवून म्हणाला, "ह्यानं आधी दगडाची नस बघितली. मग घाव घातलाय. कामाचा माणूस हाय." मुकादमाला जे कधी कळलं नाही, ते ह्याला एका नजरेत कळलं.

आता हिशोब करा. बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स'मध्ये अस्पृश्यतेचा जन्म इ.स. 400 च्या सुमाराचा धरला. म्हणजे सोळाशे वर्षं. हातकुऱ्हाड लाखभर वर्षांपलीकडची. ती घडवणाऱ्याच्या सावलीचा विटाळ कुणाला होत होता?

विमानतळासाठी आमच्याकडची उलव्याची टेकडी सुरुंगानं उडवली. तिच्या मातीत काय होतं, आता कोण बघणार? पण पनवेलभोवती अजून टेकड्या आहेत, खाणी आहेत. पहिल्या पावसानंतर ओहोळाकाठी जा. धारेची कपची दिसली तर खिशात घालू नका. आधी जागा, तारीख, कुठल्या थरात दिसली ते वहीत लिहा. आणि त्या खाणीत कोण राबतंय, त्याचंही नाव लिहा.